दिवसाउजेडी निघालेलं पथक : रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची हकिकत

ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममधलं मुख्य दालन पाहणाऱ्याला एकाच चित्रापाशी नेऊन सोडतं. १८८५ साली हे संग्रहालय उघडलं, तेव्हा इमारतीचा आराखडाच या चित्राला मानाची जागा मिळावी अशा बेतानं केला होता. पुढे दहा वर्षं चाललेल्या दुरुस्तीनंतर २०१३ मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं. जुन्या मांडणीत सगळी उलथापालथ झाली, पण हे चित्र आपल्या मूळ भिंतीवर परत आलं. सुमारे ३.८ मीटर उंच आणि साडेचार मीटर रुंद अशा या कॅनव्हासवरची माणसं जवळजवळ खऱ्या माणसांएवढीच दिसतात. चित्रकार रेम्ब्रांट, साल १६४२, आणि जगभर रूढ झालेलं नाव ‘द नाइट वॉच’, म्हणजे रात्रीचा पहारा.

या चित्राबद्दल तीन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. यातला प्रसंग रात्रीचा आहे. भिंतीवर दिसतं ते रेम्ब्रांटनं रंगवलेलं पूर्ण चित्र आहे. आणि ज्यांनी पैसे मोजले त्यांनाच ते आवडलं नाही, तिथूनच रेम्ब्रांटची उतरती कळा लागली. या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या चुकीच्या कशा ठरल्या ही हकिकत चित्राइतकीच वाचनीय आहे. जुनं चित्र कसं पाहावं, हेही ती आपल्याला शिकवते.

वर्गणीतून उभं राहिलेलं चित्र

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात डच शहरांनी स्पेनच्या राजाविरुद्ध बंड पुकारलं. त्या लढ्यात शहरांची राखण नागरिकांच्या पथकांनी केली होती. १६४०च्या सुमाराला ॲम्स्टरडॅमवरचा तो धोका टळला होता. पथकं टिकून होती, पण त्यांचं काम आता मुख्यतः मिरवणुकांमध्ये चालणं, बड्या पाहुण्यांना मानवंदना देणं आणि वेळप्रसंगी शहराचा बंदोबस्त पाहणं एवढंच उरलं होतं. पथकात येणारी मंडळी व्यापारी आणि खाऊनपिऊन सुखी घरांतली. हत्यार आणि पोशाख ज्याचा त्यानं आणायचा. त्यामुळे पथकात नाव असणं ही जशी सेवा होती, तशीच ती समाजातली पतही होती.

यांपैकी बंदूकधाऱ्यांच्या संघानं आपल्या वास्तूत एक प्रशस्त सभागृह बांधलं आणि त्याच्या भिंतींसाठी सात मोठी चित्रं सांगितली : सहा पथकांची सहा आणि वास्तूच्या कारभाऱ्यांचं एक. ही कामं शहरातल्या नावाजलेल्या चित्रकारांमध्ये वाटली गेली. त्यात बार्थोलोमेउस फान डर हेल्स्ट होता आणि रेम्ब्रांटच्या हाताखाली तयार झालेला होव्हर्ट फ्लिंकही होता. कप्तान फ्रान्स बानिंक कॉक याच्या पथकाचं चित्र रेम्ब्रांटकडे आलं. कॉक हा औषधविक्रेत्याचा मुलगा, श्रीमंत घराण्याचा जावई आणि पुढे शहराचा महापौर. त्याचा लेफ्टनंट विलेम फान राउटेनबर्ख मसाल्याच्या व्यापारावर वर आलेल्या कुटुंबातला.

रेम्ब्रांट तेव्हा पस्तिशीत होता. लायडन गावच्या गिरणीवाल्याचा हा मुलगा ॲम्स्टरडॅमला आला आणि काही वर्षांतच शहरात सर्वाधिक मागणी असलेला व्यक्तिचित्रकार बनला. १६३९ मध्ये त्यानं १३,००० गिल्डरला एक मोठं घर घेतलं होतं. त्या घराची आठवण ठेवावी, कारण पुढे त्याचा हिशेब येणार आहे.

पैशांची रीत सरळ होती. ज्याला चित्रात यायचं आहे त्यानं आपला वाटा द्यायचा. कितीतरी वर्षांनी पथकातल्या दोघांनी दिलेल्या साक्षी उपलब्ध आहेत. माणशी सरासरी शंभर गिल्डर पडले, आणि चित्रातली जागा पाहून कोणी जास्त दिले, कोणी कमी, असं त्यांतून कळतं. अशा चित्रांचा साचाही ठरलेला होता. शाळेच्या वर्गाच्या फोटोत जसं प्रत्येकाचं तोंड नीट दिसलंच पाहिजे, तसंच इथेही. माणसं ओळीनं उभी किंवा जेवणाच्या मेजाभोवती बसलेली, सगळ्यांवर सारखा उजेड, सगळ्यांची नजर समोर.

रेम्ब्रांटनं हा साचा मोडला. त्यानं पथक उभं न करता निघताना दाखवलं.

उन्हाचा पुरावा

चित्राच्या मध्याजवळ काळ्या पोशाखातला, लाल पट्टा ल्यालेला कप्तान कॉक आहे. त्याचं तोंड किंचित उघडं आहे आणि डावा हात पुढे झालेला आहे. तो शेजारच्या लेफ्टनंटला हुकूम देतो आहे. हा आपला तर्क नव्हे. कॉकच्या घराण्याच्या एका संग्रहवहीत या चित्राची जलरंगातली नक्कल आहे आणि तिच्याबरोबरच्या मजकुरात हाच अर्थ दिला आहे : कप्तान लेफ्टनंटला पथक कूच करवण्याची आज्ञा देत आहे.

हुकूम सुटला आहे, पण पथकाची अजून जुळवाजुळव चाललेली आहे. मागे निशाणदारानं निशाण उंच धरलं आहे. भाले तिरपे-आडवे झाले आहेत. उजव्या कोपऱ्यात ढोलकरी ढोल वाजवतो आहे आणि एक कुत्रा त्याच्यावर भुंकतो आहे. डावीकडे लाल कपड्यातला एकजण तोड्याच्या बंदुकीत दारू भरतो आहे. लेफ्टनंटच्या मागे दुसरा एकजण बंदुकीची जळलेली रंजक फुंकून साफ करतो आहे. या दोघांच्या मधे, कप्तानाच्या पाठीशी, शिरस्त्राणावर ओकची पानं खोवलेली एक लहानखुरी आकृती चक्क बार उडवते आहे, आणि मागच्या कोणीतरी घाईनं हात घालून ती नळी बाजूला सारली आहे. दारू भरणं, बार काढणं, बंदूक साफ करणं हे त्या काळच्या कवायतीच्या सचित्र पुस्तकांत शिकवले जाणारे टप्पे. पथक बंदूकधाऱ्यांचं आहे हे रेम्ब्रांटनं असं कृतीतून सांगितलं.

डावीकडच्या गर्दीत सोनेरी झग्यातली एक लहान मुलगी प्रकाशात न्हालेली दिसते. तिच्या कमरेला एक मेलेली कोंबडी उलटी टांगली आहे आणि कोंबडीचे पंजे मुद्दाम ठसठशीत रंगवले आहेत. पक्ष्याचा पंजा हे या बंदूकधारी संघाचं चिन्ह होतं. म्हणजे ही मुलगी वाट चुकून गर्दीत शिरलेली नाही, ती संघाचं मानचिन्ह होऊन पथकाबरोबर चालते आहे. मागच्या बाजूला दोन डोक्यांच्या फटीतून एक टोपी आणि एक डोळा डोकावतो. तो खुद्द रेम्ब्रांट असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

आता लेफ्टनंटच्या फिकट पिवळ्या अंगरख्याकडे पाहावं. त्यावर कप्तानाच्या पुढे आलेल्या हाताची सावली पडली आहे, स्वच्छ आणि कडेनं रेखीव. ही सावली अंगरख्याच्या भरतकामापाशी येते, तिथेच ॲम्स्टरडॅम शहराचं चिन्ह विणलेलं आहे. जणू कप्तानाच्या हाताच्या सावलीत शहर सुरक्षित आहे, असं चित्रकार सुचवतो. अशी सावली मशालीच्या किंवा कंदिलाच्या उजेडात पडत नाही. डावीकडून वरून येणारं ऊन आहे, तेव्हाच ती पडते. चित्रातला प्रसंग दिवसाचा असल्याचा पुरावा रेम्ब्रांटनं चित्राच्या मधोमध ठेवला होता.

मग रात्र आली कुठून? तैलचित्रावर संरक्षणासाठी राळेचं वॉर्निश देतात. वर्षं जातात तसं ते पिवळं आणि मग तपकिरी पडत जातं. जुन्या थरावर नवा थर चढतो, त्यात धूर आणि धूळ बसते. दीडशे वर्षांत चित्र इतकं काळवंडलं, की अठराव्या शतकाच्या अखेरीस लोकांनी त्याला ‘रात्रीचा पहारा’ म्हणायला सुरुवात केली. रेम्ब्रांटच्या हयातीत हे नाव नव्हतंच. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६-४७ मध्ये, काळपट वॉर्निशचे थर उतरवले तेव्हा चित्रातला दिवस पुन्हा दिसू लागला. नाव मात्र इतकं रुजलं होतं, की ते कोणी बदललं नाही.

दोन दारांमधली भिंत

१७१५ साली हे चित्र बंदूकधाऱ्यांच्या सभागृहातून शहराच्या टाउन हॉलमध्ये हलवलं. तिथे त्याला नेमून दिलेली भिंत दोन दारांच्या मधे होती. भिंतीपेक्षा चित्र मोठं निघालं. तेव्हा लोकांनी भिंत बदलली नाही, चित्र कापलं. डावीकडून सुमारे ६० सेंटिमीटर, वरून २२, खालून १२ आणि उजवीकडून ७. त्या पट्ट्या आजवर सापडलेल्या नाहीत.

आपल्या सुदैवानं, कापाकापी होण्याआधीच हेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकारानं या चित्राची छोटी नक्कल केली होती. मीटरभरही रुंद नसलेल्या त्या लाकडी फळीवर मूळ रचना पूर्ण दिसते. डाव्या पट्टीत दोन पुरुष आणि एक लहान मुलगा होता. वर कमानीचा अधिक भाग होता, खाली कप्तानाच्या पायांपुढे मोकळी जमीन होती.

नुकसान तीन माणसं गेल्याचं आहेच, पण त्याहून मोठं नुकसान रचनेचं आहे. मूळ चित्रात कप्तान आणि लेफ्टनंट मध्यापासून उजवीकडे होते. त्यांच्या डावीकडे जागा होती, त्यामुळे पथक कमानीतून बाहेर पडून एका दिशेला सरकतं आहे असं वाटायचं. डावीकडचे ६० सेंटिमीटर गेले, दोघे नायक चित्राच्या मध्यावर आले आणि चाल मंदावली. रेम्ब्रांटनं मोडलेला साचा कात्रीनं थोडासा परत आणला.

२०२१ मध्ये राइक्सम्यूझियमनं गेलेला भाग संगणकाच्या मदतीनं पुन्हा उभा केला. लुंडेन्सची नक्कल आणि मूळ चित्र यांची तुलना करायला संगणकाला शिकवलं. लुंडेन्सची रेषा, रंग आणि नजरेचा कोन रेम्ब्रांटपेक्षा कुठे वेगळा आहे हे त्यानं आत्मसात केलं आणि त्याप्रमाणे हरवलेले भाग रेम्ब्रांटच्या शैलीत तयार केले. ते छापून चित्राच्या चारी बाजूंना काही महिने लावून ठेवले होते. मूळ कॅनव्हासला त्यांचा स्पर्शही होऊ दिला नाही, हे महत्त्वाचं. तीनशे वर्षांनंतर प्रेक्षकांना पथक पुन्हा चालताना दिसलं.

नापसंतीची दंतकथा

आता तिसरी गोष्ट. पथकातल्या लोकांनी चित्र पाहून नाकं मुरडली, पैसे द्यायला खळखळ केली, रेम्ब्रांटचं नाव खराब झालं आणि तो रस्त्यावर आला, ही कथा एकोणिसाव्या शतकात फार लोकप्रिय झाली. १९३६च्या ‘रेम्ब्रांट’ या इंग्रजी चित्रपटानंही ती घराघरात नेली. अलौकिक कलावंत आणि त्याला न समजणारा समाज, अशी कथा ऐकायला सगळ्यांनाच आवडते.

कागदपत्रं वेगळं सांगतात. पैसे दिले गेले होते, हे साक्षींवरून कळतं. चित्र सभागृहात मानानं लागलं आणि सत्तर वर्षांहून जास्त काळ तिथेच राहिलं. कप्तानानं त्याची नक्कल स्वतःच्या वहीसाठी करवून घेतली; न आवडलेल्या चित्राची नक्कल कोणी करवून घेत नाही. रेम्ब्रांटचा शिष्य सामुएल फान होख्स्ट्राटन यानं १६७८ मध्ये या चित्राबद्दल लिहिलं. एकेका माणसाच्या चेहऱ्यापेक्षा गुरूनं एकूण चित्राचा विचार जास्त केला असं पुष्कळांना वाटतं, हे त्यानं नोंदवलं. थोडा उजेड आणखी हवा होता, असंही म्हटलं. पण त्याच्यापुढे त्या सभागृहातली बाकीची चित्रं पत्त्यांतल्या चित्रांसारखी सपाट भासतात, हाच त्याचा निर्वाळा होता. म्हणजे कुजबुज असेल, नकार नव्हता.

कामंही थांबली नाहीत. १६४६ मध्ये खुद्द राज्यप्रमुख फ्रेडरिक हेन्ड्रिकनं त्याला दोन चित्रांचे २,४०० गिल्डर दिले. १६६२ मध्ये कापड तपासनिसांच्या संघानं आपलं सामूहिक चित्र रेम्ब्रांटकडूनच काढून घेतलं.

१६४२ हे साल रेम्ब्रांटला जड गेलं हे खरं, पण ते चित्रामुळे नव्हे. त्याची तीन मुलं तान्हेपणीच गेली होती. १६४१ मध्ये झालेला टिटस तेवढा वाचला आणि पुढच्याच जूनमध्ये पत्नी सास्किया वारली. दिवाळं निघालं ते त्यानंतर चौदा वर्षांनी, १६५६ मध्ये. त्याची कारणं रुक्ष आहेत. त्या १३,००० गिल्डरच्या घराचं कर्ज फिटलं नव्हतं. १६५२ ते १६५४ या काळात इंग्लंडशी झालेल्या युद्धानं ॲम्स्टरडॅमचा व्यापार खालावला होता. आणि लिलावात दिसेल ते विकत घेण्याची रेम्ब्रांटची सवय सुटत नव्हती.

दिवाळखोरीच्या वेळी त्याच्या घरातल्या वस्तूंची यादी झाली. तिच्यात ३६३ नोंदी आहेत : चित्रं, पुतळे, शंखशिंपले, हत्यारं, दूरदेशीच्या वस्तू. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून ॲम्स्टरडॅमला आलेली मुघल लघुचित्रंही त्याच्या पाहण्यात होती. त्यांवरून त्यानं केलेली सुमारे २३ रेखाटनं आज शिल्लक आहेत, बरीचशी पूर्वेकडून आलेल्या महागड्या कागदावर. त्यांत जहांगीर आहे, शाहजहान आहे, झाडाखाली बसलेले चार मौलवी आहेत. ज्या सुमाराला त्याचं घर हातचं जात होतं, त्याच सुमाराला तो आग्रा-दिल्लीच्या अनाम चित्रकारांची रेषा मन लावून गिरवत होता. कंगाल होऊन खचलेला कलावंत ही प्रतिमा या रेखाटनांपुढे टिकत नाही. घर १६५८ मध्ये विकलं गेलं. रेम्ब्रांट भाड्याच्या घरात गेला आणि ४ ऑक्टोबर १६६९ रोजी मरेपर्यंत रंगवत राहिला.

सुऱ्या, गुहा आणि काचेची खोली

चित्राच्या नशिबी पुढेही बरंच होतं. १९११ मध्ये एका बेकार माणसानं त्यावर सुरी चालवली. वॉर्निशचा थर जाड होता म्हणून चित्र वाचलं. दुसरं महायुद्ध सुरू होताच चित्र चौकटीतून काढून एका नळकांड्याभोवती गुंडाळलं. काही वर्षांनी ते मास्ट्रिख्टजवळच्या चुनखडीच्या डोंगरातल्या गुहांत गेलं आणि युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिलं. १९७५ मध्ये पाव कापायच्या सुरीनं त्यावर डझनभर वार झाले. ते सांधले, तरी नीट पाहिल्यास खुणा दिसतात. १९९० मध्ये एकानं ॲसिड फवारलं. पहारेकऱ्यानं तत्काळ पाणी मारलं, त्यामुळे ॲसिड वॉर्निशपुरतंच थांबलं.

जुलै २०१९ पासून राइक्सम्यूझियमनं या चित्राचा आजवरचा सर्वांत सखोल अभ्यास हाती घेतला. चित्र प्रयोगशाळेत नेलं नाही. दालनातच त्याच्याभोवती काचेची खोली बांधली आणि तज्ज्ञांचं काम प्रेक्षकांसमोर सुरू झालं. ८,४३९ छायाचित्रं जोडून चित्राची ७१७ अब्ज पिक्सेलची एक प्रतिमा तयार झाली. रंगाखाली रेम्ब्रांटनं खडूमिश्रित रंगानं केलेलं कच्चं रेखाटन सापडलं. त्यात आधी काढलेली आणि नंतर झाकलेली पिसं आणि भाले दिसले. त्यानं जागोजाग विचार बदलला होता. कॅनव्हासवर पहिल्या लेपाच्याही आधी शिशाचा अंश असलेलं तेल मुरवल्याचं आढळलं. सभागृहाच्या ओलसर भिंतीपासून कापड वाचावं म्हणून ही खबरदारी असावी. लेफ्टनंटच्या अंगरख्यावरच्या सोनेरी भरतकामात आर्सेनिकयुक्त पिवळे आणि नारिंगी रंग निघाले, आपल्याकडच्या हरताळ-मनशीळीच्या जातीचे. हा विषारी रंग जपून हाताळावा लागतो. सोन्याची झळाळी आणण्यासाठी त्यानं तो पत्करला. नोव्हेंबर २०२४ पासून जुनं वॉर्निश काढण्याचं कामही लोकांच्या डोळ्यांदेखत सुरू झालं.

जुन्या चित्रावर चित्रकाराच्या रंगाचे थर असतात आणि त्यावर नंतरच्या लोकांचेही थर चढतात : वॉर्निशचा, कात्रीचा, ऐकीव नावाचा, रंगवून सांगितलेल्या कथेचा. वॉर्निश तज्ज्ञ उतरवतात. ऐकीव गोष्टींचा थर ज्यानं त्यानं स्वतः उतरवायचा असतो, आणि त्यासाठी डोळे आणि थोडा वेळ एवढंच लागतं. म्हणून वाचकांना एक विनंती. या चित्राची ती अतिसूक्ष्म प्रतिमा राइक्सम्यूझियमच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. पुस्तकातल्या हातभर छपाईवर समाधान मानू नका. एखाद्या संध्याकाळी ती प्रतिमा उघडा, मोठी करत जा, कोंबडीचे पंजे शोधा, अंगरख्यावरची सावली शोधा, मागचा तो एक डोळा शोधा. घरात मुलं असतील तर त्यांना शेजारी बसवा. मुलांना या गोष्टी आपल्याआधी दिसतात.